चार नंबरचा पंखा बंद आहे

सोहारच्या बंदराकडे पाठ करून
चार नंबरचा टॉवर आज गप्प उभा.
पंख्याला कुलूप, कुलपाला माझ्या नावाची चिठ्ठी,
किल्ली माझ्या खिशात.
तिलविक्रम आत आहे तोवर
ती हिलाल साहेबालाही मिळायची नाही.

पहाटेचे चार. हवा ओल्या घोंगडीसारखी.
आत कुंडात घोट्यापर्यंत गाळ,
वाळवंटानं वर्षभर चिमूट चिमूट टाकलेला.
शेवाळ, गंज, पारव्याचं एक पीस.
हातमोज्यातूनही कळतो बुळबुळीतपणा,
माशाच्या अंगासारखा.
तिथंच राहतो तो न दिसणारा जीव,
कोमट पाण्यात सुखानं वाढतो
आणि पंखा फिरला की तुषारांवर बसून निघतो
कुणाच्या तरी श्वासाकडे.

गेल्या सप्टेंबरात उत्रेश्वरला ताप भरला.
कॅम्पात सगळे म्हणाले, ऊन लागलं.
कांदा फोडून हुंगवला, तळपायांना चोळला.
बारा दिवस नळीनं श्वास घेऊन
तो बार्शीला परत गेला.
जिना चढताना आता मध्येच थांबतो म्हणे.
टॉवरचं नाव कुणी घेतलं नाही.
मीही नाही.
तेव्हा उत्पादन जोरात होतं, शटडाऊन परवडत नव्हता,
आणि क्लोरीनच्या रकान्यात
सलग तीन दिवस
मी कालचाच आकडा लिहिला होता.

तिलविक्रम पापुद्रे खरवडतो,
नखाएवढे जाड, चुन्याचे.
मी नोझल तारेनं मोकळे करतो,
तुषार अडवणाऱ्या जाळ्या एकेक उजेडात धरून बघतो.
एक फाटकी निघाली.
साहेब म्हणाला, चालेल अजून सहा महिने.
मी ती त्याच्यासमोर पायानं मोडली.

नऊला तिलविक्रम बाहेर आला,
मास्क काढला आणि जोरात शिंकला.
मी दचकलो.
“धुलो हो, दाइ,” म्हणाला, हसत.

कुलूप काढलं. पंखा फिरला.
दुपारपर्यंत पाणी दोन अंशांनी जास्त गार.
हिलाल साहेबानं स्वतः कहवा ओतला,
बोटांवर रियाल मोजले, विजेचे, पंपाचे.
रिपोर्टात ते दोन अंश ठळक अक्षरात गेले.
जो ताप कुणाला आलाच नाही
त्याला रकाना नाही.

रात्री कॅम्पात, पत्र्याच्या भिंतीपलीकडे,
कुणीतरी दोनदा खोकलं.
मी उठून बसलो,
तिसऱ्यांदाची वाट बघत.