कर्मणी प्रयोग

संमतीपत्रातलं सातवं वाक्य माझंच:
‘माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त राखली जाईल.’
कोण राखणार, ते लिहिलं नव्हतं.
शोधनिबंधात असंच लिहितात,
कर्ता वगळून.

आता म्हापशाच्या कोर्टाचं समन्स आलं आहे.
कामुर्लीचा बांध त्या रात्री कोणी फोडला,
खाजनात खारं पाणी कोणी घेतलं,
कोळंबीसाठी की पुढच्या प्लॉटांसाठी,
हे माझ्या वहीत आहे. मुलाखत अकरा, पान चव्वेचाळीस.
त्यांना वही हवी.
आणि अकरा म्हणजे कोण, तो वेगळा ठेवलेला कागद.

अ‍ॅडव्होकेट आवेलार चष्मा पुसत राहतात.
वकिलाला अशिलाचं झाकता येतं, म्हणतात,
नवऱ्याला बायकोचं, बायकोला नवऱ्याचं.
संशोधकाचं कलम अजून कोणी लिहिलेलं नाही.
आपण मागू. सीलबंद पाकीट मागू,
नावांवर काळी पट्टी मागू.
पण तो कागद जाळू नकोस हं बाई,
जाळलास तर आरोपी तू.

जाळलेला नाही.

अकरा मला मानशीवर भेटलं.
(नपुसकलिंग मुद्दाम. आणि कामुर्ली म्हटलं,
तेही खरं धरू नका.)
गुडघाभर चिखलात उभं राहून
फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकत होतं.
म्हणालं, भरतीला बाहेरचं पाणी रेटतं
आणि त्या रेट्यानंच दारं मिटतात.
कुणी ओढावी लागत नाहीत.
मग आवाज न बदलता
त्या रात्रीचं सगळं सांगितलं,
टॉर्च किती, फावडी किती,
कोण खोकलं.
हात धुतले आणि म्हणालं,
नांव घालूं नाका.

नाही घातलं. आकडा घातला.
आकडा किती पातळ असतो
हे तेव्हा कळलं नव्हतं.

सोमवारी तारीख.
प्रश्न येईल, टायपिस्टची बोटं
माझ्या वाक्यासाठी थांबतील.
फेरीबोटीत उभी राहून घोकते आहे:
नाव सांगितलं जाणार नाही.
नाव सांगता येणार नाही.
छे. दोन्हींत कोणीच नाही.

मी, म्हणते. मोठ्यानं निघून जातं.
शेजारची मासळीवाली
पाटी सावरत वळते:
कितें?

नदी अर्धी झाली आहे.
पाणी चढतंय.