दानाची थैली

उपदेशाआधी मी
दानाच्या थैलीत फोन गोळा करायचो.
मेचा रविवार, कूलर घरघरतोय,
आणि थैली आतून उजळली. तिर्साचा फोन.
रात्री दोन दहाला तिनं टाकलेलं:
कोणी जागं आहे का?
उत्तर आत्ता आलेलं. नुसता अंगठा.

मी योनावर बोलत होतो, माशाच्या पोटातल्या.
पुढचं वाक्य सुचेना.

थैली उलटी फिरवली, ज्याचा त्याला दिला.
विचारलं, रात्री दोनला कुठे असता रे?
मागच्या बाकावरून आसाफ म्हणाला,
"पाळक, तुम्ही कुठी असता, ते सांगा ना."

मेकोसाबागेत आता शनिवारी
चर्चच्या व्हरांड्यातला दिवा विझत नाही.
माठ भरलेला. मी पेंगत, डास मारत.

परवा तिर्सा आली. दीड वाजला होता.
बसली नाही, म्हणाली, "चार्जिंग संपलंय."
मी व्यासपीठामागचं बटण दाखवलं.