दुधाला कळू न देता

टँकर अर्धा भरलेला असतो तेव्हाच खरा अवघड,
हे मला परवा कळलं, माझी गाडी गॅरेजला होती म्हणून
पहाटे पाचला मॅलकीच्या शेजारी बसून जाताना.
भरलेला गप्प असतो. रिकामा हलका.
अर्ध्यातलं दूध मात्र प्रत्येक वळणाला
मागून येऊन ढुशी देतं,
जणू त्याला अजून कुठंतरी पोचायचंय.

त्र्याऐंशी साली, मोनॅहनच्या आमच्या गावात,
बाबांच्या पेट्रोलपंपामागच्या शेडमध्ये त्यानं गाडी बांधली.
सांगाडा एका विधवेकडून,
इंजिन दोन मेलेल्या इंजिनांचं मिळून एक,
आणि सीट माझ्या मापाची,
कारण साचा ओतायच्या दिवशी तो पंपावर होता.
चार वर्षं माझा भाऊ
माझ्या पाठीच्या आकारात बसून शर्यती जिंकला.

टायर आम्ही घेत नसू, वेचत असू.
मोठ्या टीमा वीस फेऱ्यांनी फेकायच्या ते
संध्याकाळी मी ढकलगाडीतून आणायचे.
शिळ्या पावासारखा तो एकेक दाबून बघायचा,
म्हणायचा, ब्रीज, ह्यात अजून नऊ फेऱ्या आहेत.
नऊच असायच्या.

पॅरिशनं डुकराची सोडत काढली त्याच्यासाठी.
डुक्कर लागलं खुद्द फादर क्विल यांना. त्यांनी परत केलं.
पुन्हा सोडत, ते लागलं सुईणीला. तिनंही परत केलं.
एका डुकरावर आम्ही तीन शर्यती धावलो.
चौथ्या वेळी ते बँक मॅनेजरला लागलं,
त्यानं ते घरी नेलं.

मग इंग्लंडहून पत्र.
नॉरफोकमधली जुनी धावपट्टी, कडेला गवत, मेंढ्या,
आणि खाऱ्या वाऱ्यात सहा पोरं, सहा हेल्मेटं.
एक सिमेंटवाल्याचा मुलगा, एक साखरवाल्याचा.
मी भिंतीवर, हातात बाबांचं स्टॉपवॉच.
लांब उजव्या वळणाला सगळ्यांच्या इंजिनाला
क्षणभर धाप लागायची.
मॅलकीच्या लागली नाही.
मला वाटलं, चुकून डोळे मिटले मी.
पुढच्या फेरीला उघडे ठेवले. तरी नाही.

मिस्टर हॅवरगल यांनी आपलं घड्याळ पाहिलं,
कानाशी धरून हलवलं, माझं मागून पाहिलं.
नऊ दशांश सेकंद. इतरांहून.
मग मॅलकीजवळ जाऊन हळूच विचारलं, "किती?"
"टायर तापले की अजून तीन दशांश निघतील," मॅलकी म्हणाला.
ते हसले. वाईट माणूस नव्हता तो.
"तसं नाही रे. किती आणशील?"

मॅलकीनं खिशात हात घातले,
नुसते गार पडले होते म्हणून,
पण हॅवरगल यांनी नजर वळवली,
एखादा आपल्यासमोर नाणी मोजायला लागला तर
वळवतात तशी.

जागा सिमेंटला गेली.
पोरगा भला, अजून नाताळला कार्ड पाठवतो.
दोन हंगाम टीव्हीवर दिसला,
एकदा तर चक्क सहावा आला,
मग सिमेंटकडे परतला.
परतीच्या बोटीत मॅलकी वर आलाच नाही,
खाली ताडपत्रीत शिरून गाडीत झोपला, माझ्या सीटवर.

लोक नशीब म्हणतात.
माझ्या वहीत त्या नशिबाचा आकडा आहे:
ऐंशी हजार पौंड, व्हॅट वेगळा.

परवा मात्र मी त्याचे हात पाहिले.
ओली पानं, दगडी कुंपणं, गायींचं शेण रस्त्यावर,
आणि तो वळण कुठं सुरू करतो ते दिसतच नव्हतं,
फक्त ते होऊन गेलेलं असायचं.
मागं अर्धं दूध. एकही ढुशी नाही.
अर्धी घागर हिंदकळते म्हणतात,
ही निजून होती.

मॅकेनांच्या गोठ्यापासून पुलापर्यंत
मी कोटाच्या खिशात बटण दाबलं, पुन्हा दाबलं.
सवय.
त्यानं मान वळवली नाही.
"किती?" म्हणाला.
लिटर विचारत असावा, नोंदवही माझ्या मांडीवर होती.
मी सेकंद सांगितले.