पांढरा मेणखडू

बारा रंगांच्या पेटीत पांढरा कशाला घालतात
हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं.
लाल आधी संपतो, मग काळा.
हिरव्याचा कागद सोलून पोट्टे तो चाखून पाहतात.
पांढरा तेवढा टोकासकट उरतो.
दर उन्हाळ्यात मी त्याला कपाटात टाकते,
आहाराच्या पावत्यांवर.

यंदा दिवाळीनंतर तो नखाएवढा झाला.

मला वाटलं, उंदीर.
चंद्रकला म्हणाली,
उंदीर का रंग पाहून खाते, बाई?

आमच्या अंगणवाडीला खिडकी एकच, जाळीची.
तिच्याखाली वेदू बसतो.
तो नुसता गरगर फिरवतो, खांद्यापासून हात फिरतो,
कागद फाटतो, फाटला की हसतो.
तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
गिरगटणं ही पहिली पायरी. मी वहीत उतरवून घेतलं.
वेदूला विचारलं तर म्हणाला, थ्रेशर होय.
तान्ह्या पोळ्याला आम्ही काळ्या मातीचे बैल केले,
सरकीचे डोळे लावले.
दोन दिवसांत सगळे तडकले.
वेदूनं सांगितलं, म्हातारे झाले,
आणि कोणीच रडलं नाही.

त्रिशाली टेकाम भिंतीकडे तोंड करून बसते.
वय चार, वजन बारा किलो सहाशे.
बोलणं त्याहून हलकं.
तिचे कागद मी पाहत होते. कोरे.
एक कोरा, दुसरा कोरा, अख्खा कार्तिक कोरा.
प्रत्येकाला मी म्हटलं, छान.
मी सगळ्यांनाच छान म्हणते,
या-बसा म्हणावं तसं ते तोंडातून निघून जातं.
रजिस्टरात तिच्यासमोर लिहिलं:
चित्र काढत नाही.

मग त्या दिवशी चंद्रकला खिचडीसाठी
वाटीत हळद कालवत होती
आणि वेदूचा पाय लागला.
पिवळं पाणी फरशीवरून धावलं,
त्रिशालीच्या कागदावर चढलं.
मी फडकं घेऊन पळाले
आणि फडकं हातातच राहिलं.

पाणी सगळीकडे बसत नव्हतं.
पिवळ्यातून पांढरे गोल वर येत होते,
ओळीनं, तासातासानं,
प्रत्येक जिथून निघाला तिथेच येऊन मिटलेला.
मधोमध एक मोठं डोकं,
डोक्यातूनच खाली उतरलेले पाय.
मान नाही, धड नाही,
पण हाताला बोटं! मी मोजली.
एकाला नऊ. दुसऱ्याला अकरा.

हे कोण होय व?
माय.
एवढी बोटं?
वेचते न ते.

मी तिच्याएवढी होते तेव्हा
सारवलेल्या भिंतीवर कोळशानं मोर काढला होता.
मावशीनं संध्याकाळच्या आत पोतारा फिरवला.
मोर कसा होता, आता आठवत नाही.
पोतारा आठवतो.

तुले दिसत होतं का हे, काढताना?
तिनं माझं बोट धरलं,
कागदाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवलं, ओढत नेलं.
हात लावून पाह्य, म्हणाली.
मेणाचा बारीक बांध लागला बोटाला,
आणि त्याच्या पलीकडे दुसरा.

तिच्या आधीच्या कागदांचं मी काय केलं ते सांगते.
कोरे म्हणून पाठीमागे ठेवले होते,
आणि त्यांच्यावर हजेरीची बेरीज मांडली होती.
मध्येच पेन चालत नव्हतं.
आकडे तुटत होते.
मी पेनला शिव्या दिल्या होत्या.

मुकुटबनच्या बाजारात पांढरा सुटा मागितला.
दुकानदार म्हणाला, सुटा येत नाही,
अन् पांढरा कोणी मागतही नाही.
मी तीन पेट्या घेतल्या.