साडेएकतीस

आउस्मानं पेटी टेबलावर ठेवली,
बापाच्या लोकरी मफलरात गुंडाळलेली,
जणू आतल्याला थंडी वाजेल.
"हळू चालतो," म्हणाली. "नीट करा."

रीगात मार्च म्हणजे धड बर्फ नाही, धड पाणी नाही.
माझं दुकान तळघरात, खिडकीतून
लोकांचे फक्त बूट दिसतात.
चाळीस वर्षं बुटांवरून माणसं ओळखतोय,
आणि तबकड्यांवरून घरं.

तिनं तबकडी एकच आणली होती.
कव्हरवरचं संगीतकाराचं नाव अंगठ्यांनी पुसलेलं,
उरलं होतं इतकंच: सिम्फनी, जी मायनर,
दुसरा भाग आंदान्ते,
म्हणजे चालण्याच्या गतीनं.
कुणाच्या चालण्याच्या, ते छापत नाहीत.

रेघांचा कागद फिरत्या थाळीवर ठेवला.
दिव्याखाली रेघा जागच्या जागी उभ्या दिसायला हव्यात,
या मागे मागे सरकत होत्या.
मोजलं.
मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश हवा,
भरले साडेएकतीस.
म्हणजे अख्खा वाद्यवृंद अर्ध्या सुरानं खाली,
बारा मिनिटांचा भाग पावणेतेरा मिनिटांचा,
आणि इतक्या वर्षांत
घरात कुणाच्या कानाला खुपलं नाही.

पट्टा ताणून पाहिला, ठणठणीत.
मोटर गुणी, कुरकुर नाही.
मग तिच्या टोकावरची पितळी कप्पी,
वाटाण्याएवढी,
भिंगाखाली धरली.
कानशीचे ओरखडे.
बारीक, सगळ्या बाजूंनी सारखे,
घाईत नसलेल्या माणसाचे.

झिजली नव्हती. झिजवली होती.

"वडील काय करायचे?"
"झानिस? रेडिओच्या कारखान्यात होते. आल्यावर."
कुठून आल्यावर, ते मी विचारलं नाही.
त्या वयाची माणसं इथे एकाच दिशेनं आलेली असतात.
"डाव्या पायाची दोन बोटं नव्हती,"
आपणहून म्हणाली,
"आणि चेलो सुरू झाले की गुणगुणायचे.
वरचे सूर लागत नव्हते. ते तिकडेच राहिले."

मी नवी कप्पी बसवली. काम ते काम.
रेघा उभ्या राहिल्या, हजेरीला उभ्या राहाव्यात तशा.
सुई टेकवली.

चांगलं वाजलं.
खरं सांगतो, फारच चांगलं.
व्हायोलिनं उजळली, बासरीला जाग आली,
कुणीतरी धडधाकट तरुण
दाउगावाचा पूल ओलांडून
जेवायला निघाल्यासारखा तो भाग निघाला.
आउस्मा हातमोज्याचं एकच बोट ओढत बसली.
"हे कोण?" म्हणाली.

तबकडीचं एक असतं.
वाजवणारे लय उतरवून पट्टी तीच ठेवू शकतात,
इथे तशी सोय नाही.
पाऊल हळू केलं की सूर खाली येतो,
सूर खाली आणला की पाऊल जड होतं.
झानिसला यातलं नेमकं काय हवं होतं,
गळ्यासाठी की पायासाठी कानस घेतली,
आणि दुसरं नुसतंच पदरात पडलं का,
हे कप्पी सांगत नाही.
एवढंच कळतं, की एका पोरीला
उदास म्हणून जे लहानपणापासून ठाऊक होतं
ते नखाच्या जाडीएवढं पितळ होतं,
कधीतरी फरशीवरून झाडून टाकलेलं.

"होतं तसं परत होईल?"

जुनी कप्पी चहाच्या डब्यात टाकली होती,
शोधायला वेळ लागला.
पुसली, बसवली.
रेघा पुन्हा मागे सरकू लागल्या
आणि तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी घरी आलं.
पावतीवर "दुरुस्ती" लिहिलं, खोडलं,
परत तेच लिहिलं.
बिघाड बसवण्याचा दर माझ्याकडे नाही.

मफलर, पेटी, जिना.
खिडकीतून तिचे तपकिरी बूट गेले,
एका टाचेला नवा तुकडा.
सवयीनं मी मोजायला लागलो,
एक, दोन, अकरा, बारा,
मग ट्राम आली
आणि मोजणी चुकली.