खळं

अंबाजोगाईच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या शेजारची खोली माझी.
एकोणीस वर्षं झाली. खुर्ची तीच, उशी तिसरी.
बायांचे चेहरे मला दिसत नाहीत.
काचपट्टीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला आकडा दिसतो
आणि भिंगाखाली पेशी, निळसर, केशरी,
वाळवण घालावं तशा पसरलेल्या.

परवा दोनशे शहाऐंशी.
मधोमध केंद्रक, मनुक्यासारखं सुरकुतलेलं, काळं,
आणि त्याच्याभोवती मोकळी, स्वच्छ जागा.
पुस्तकात याला लांबलचक ग्रीक नाव आहे.
मी मनात म्हणते, खळं पडलंय.

चंद्राला पडतं तसं.
बाप माळावर बाजेवर पडून सांगायचा,
खळं लांब तर पाणी जवळ,
खळं जवळ तर पाणी लांब.
इथं असा ठोकताळा नाही.
दहातली नऊ खळी आपोआप विरतात,
वर्षा-दोन वर्षांत, बाईला पत्ता न लागता.
दहाव्याचं काय, ते काच सांगत नाही.

आठ जनुकांचा तर त्याचा संसार.
दिसणारही नाही एवढ्या चिरेतून शिरतो
आणि तळाच्या थरात जाऊन बसतो,
जिथं पेशी जन्माला येतात.
ताप आणत नाही. रक्तात उतरत नाही.
पेशी थरामागून थर वर सरकतात,
तो त्यांच्या कडेवर बसून वर येतो
आणि झडत्या पापुद्र्याबरोबर बाहेर पडतो.
भाडेकरू असावा तर असा,
भांड्याला भांडं लागू देत नाही,
म्हणून तर शरीराचा पहारा जागा होत नाही.

त्याचा सगळा ऐवज बांगडीसारखा गोल.
आणि एखाद्या बाईत, कधीतरी,
ती बांगडी वाढते.
फुटली म्हणायचं नसतं आमच्यात.
तुटते ती बहुधा लगाम असतो तिथंच.
तुकडा पेशीच्या धाग्यात सांधला जातो,
दोन जनुकं मोकाट सुटतात,
एक राखणदाराला संपवतं,
दुसरं दाराची कडी काढून ठेवतं.
मग वाढते.
हा शब्द आमच्या बायांनी कशासाठी केला होता
आणि इथं कुठं येऊन खरा झाला.
दहा वर्षं. पंधरा. दुखत नाही तोवर कुणी सांगत नाही,
दुखतं तेव्हा सांगायला उशीर झालेला असतो.

काल दार ढकलून आकडाच आत आला.
कौसाबाई, केज तालुका, वय अंदाजे अठ्ठेचाळीस.
शिबिरात सिरका लावला होता,
मिनिटभर थांबल्या तर पांढरा डाग उमटला,
आशाताईनं हाताला धरून एसटीत बसवलं.
डाग जाळायला मंगळवारची तारीख मिळाली होती.
ती त्यासाठी नव्हती आली.

“मॅडम, महा मालक जाऊन नऊ साल झाले.
मंग हे आता कुठून आलं?
गावात लोक काय म्हनतील?”
खुर्ची दिली तरी बसली नाही.
पदराचं टोक दातात, नजर सूक्ष्मदर्शकावर,
जणू तो साक्षीदार होता आणि उलटणार होता.

मी म्हणाले, बाई, तो दबा धरून बसतो. वीस-वीस वर्षं.
कुणी आणला, कधी आणला, काचेत लिहिलेलं नसतं.
इथं नाव नसतं, गाव नसतं. आकडा असतो फक्त.
ती थोडा वेळ गप्प.
“मंग आकडाच ऱ्हाऊ द्या,” म्हणाली,
आणि दार हळूच ओढून घेतलं,
आत कुणी निजलं असावं तसं.

पोरीच्या शाळेतून लशीचा फॉर्म आलाय.
तेरा पूर्ण. सही केली. विचारलं तिनं, कशाची सुई?
सांगितलं, आठवीतल्या पोरीला सांगावं तेवढं.
“तुला दिली होती का?” म्हणाली.
तेव्हा नव्हती, म्हटलं. आणि बाकीचं?
बाकीचं तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी ओपीडी संपल्यावर
सिस्टर सुलोचनाला म्हटलं, पडदा ओढ.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या टेबलावर.
छताला ओल आहे, नकाशासारखी. कुणी सांगितलं नव्हतं.

रंग चढला, काच वाळली.
दोनशे सत्याऐंशी. ट्रेमध्ये ठेवलीय.
दिवा लावला, भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.
आधी दोनशे अठ्ठ्याऐंशी बघते.