मोकळी कोणी करायची

हेल्दुरच्या फंक्शनला मी एवढंच विचारलं होतं,
पेइप्सी सरोवरावर आज बर्फ किती जाड आहे.

माझी भाषा नवी. दारातच झडती घेते:
कोण, कुठून आलास, किती वेळ थांबणार,
जाताना दिवा कोण मालवणार.
त्यांची सी पस्तीस वर्षांपूर्वीची. ती नुसता पत्ता देते;
घर उभं आहे की पडलं, ते आपलं आपण जाऊन बघायचं.

तीन दिवस हेडर फाइल वाचली.
अर्धी गोष्ट मॅक्रोंमध्ये, आणि मॅक्रो
कंपायलरच्या आधीच विरघळतात,
माझ्यापर्यंत त्यांचा ओलावाही आला नाही.
पॉइंटर परत आला. शून्य नव्हता. बरं वाटलं.
चौथ्या सेकंदाला प्रोग्राम खलास.
हाक नाही, ओरखडा नाही.

शेवटी मुस्तवेला फोन लावला.
ते मासे धुरावर टांगत होते.
"हेल्दुर, ही मेमरी मोकळी कोणी करायची?
तुम्ही की मी?"
बराच वेळ नुसतं लाकूड तडतडलं.
"आम्ही तिघं एकाच खोलीत बसायचो, लिविका.
लिहून कशाला ठेवायचं?
वेल्लो उठून करायचा."

वेल्लोला जाऊन पंधरा वर्षं झाली.

मी रॅपर लिहिला. वर 'असुरक्षित' अशी पाटी,
शेवटच्या ओळीत फ्री,
आणि शेजारी कॉमेंट: हे काम वेल्लोचं.

टेस्ट हिरव्या झाल्या. बर्फ बेचाळीस सेंटिमीटर.
रविवारी मी स्वतः गेले तिथे,
आणि टाच आपटून पाहिल्याशिवाय
पाऊल टाकलं नाही.